त्यांच्याकडे प्लॅन होता म्हणे!

मागच्या अंकात टीव्हीवरच्या अँड्रॉइड पात्रांवर थोडं लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली की प्रश्न असतील तर पाठवा. पाठवले की लोकांनी! दोघांनी फोन सारखा हँग होतो त्यावर उपाय विचारलाय. अहो ते अँड्रॉइड वेगळं, इथे आपण हुबेहूब माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रांबद्दल बोलतोय. बाकीच्यांतून सात प्रश्न निवडलेत. आणि आधीच सांगून ठेवतो, खाली पावलोपावली स्पॉयलर आहेत. बॅटलस्टार गॅलॅक्टिका किंवा वेस्टवर्ल्ड बघायची राहिली असेल तर हे पान दुमडून ठेवा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

दादा, परीक्षा संपल्यावर बारा दिवसांत अख्खी बॅटलस्टार गॅलॅक्टिका संपवली. सुरवातीला दर वेळी पाटी येते की सायलॉन (म्हणजे त्यातली माणसासारखी यंत्रं) माणसाने बनवले, ते उलटले, त्यांच्या अनेक कॉप्या आहेत, आणि त्यांच्याकडे प्लॅन आहे. मी शेवटपर्यंत त्या प्लॅनची वाट बघत बसलो. कुठाय प्लॅन? उल्लू बनवलं का आपल्याला?
– एक वाचक, नाशिक

मित्रा, प्लॅन नव्हता. सायलॉनकडे होता की नाही ते सोड, लिहिणाऱ्यांकडे नव्हता. आणि हे काही गुपित नाहीये, मालिकेचा कर्ताधर्ता रोनाल्ड डी. मूर याने नंतर स्वतःच कबूल केलंय की ती ओळ टाकायचा आग्रह त्याचा जोडीदार निर्माता डेव्हिड आयक याचा होता, ऐकायला जबरदस्त वाटते म्हणून, आणि टाकली तेव्हा प्लॅन वगैरे काही ठरलेला नव्हता. चौथ्या सीझनला पाटी बदलून गेली ते तुझ्या लक्षात आलं असेल, तिथे नुसतं एवढंच येतं की बारा मॉडेल आहेत, सात माहीत आहेत, चार लपून राहतायत, एक उघड होणार आहे. प्लॅन गुपचूप गायब. गंमत म्हणजे मालिका मार्च २००९ मधे संपली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधे 'द प्लॅन' नावाची टेलिफिल्म आली, ती दिग्दर्शित केली होती खुद्द मालिकेतल्या कमांडर अ‍ॅडामाने म्हणजे एडवर्ड जेम्स ओल्मोसने. वरात येऊन गेली आणि मग मुहूर्त काढला. त्यातही प्लॅन काय निघाला, तर सगळ्या माणसांना मारायचं, बस. काही माणसं वाचली आणि पुढे सगळी सारवासारव!

पण आता उल्लू बनवलं का, तर मी म्हणेन नाही, आणि हे मी फॅन आहे म्हणून म्हणत नाहीये (आहेच, पण ते बाजूला ठेवू). तिसऱ्या सीझनचा शेवट आठव. मूळ बेत असा होता की शास्त्रज्ञ बाल्टरचा खटला संपतो आणि सीझन संपतो. मूरला ते फिकं वाटत होतं. मग त्याच्या डोक्यात एक चित्र आलं की अंतराळ जहाजाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून चार जण चालत येतात, एका खोलीत जमतात आणि चौघांनाही एकदम कळतं की आपण सायलॉन आहोत. म्हणजे आधी चित्र आलं, मग ते चार कोण ते ठरलं! टाय, टिरॉल, अँडर्स आणि टोरी. (टोरी म्हणजे रेखा शर्मा, भारतीय वंशाची कॅनेडियन नटी, बऱ्याच जणांनी विचारलं होतं.) हे २००७ सालचं, मालिका सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावरचं.

आता बघ, अँड्रॉइडच्या गोष्टीतली मेख इथे आहे. साध्या मालिकेत खुनी कोण हे उशिरा ठरवलं तर दोन-चार सीन गडबडतात. पण एखादं पात्र मशीन निघालं की त्याचा जुना प्रत्येक सीन, प्रत्येक रडणं, प्रत्येक मारामारी मागे जाऊन परत बघावी लागते. उधारीच्या वहीत शेवटच्या पानावर एक आकडा बदलला की पहिल्या पानापासून बेरीज मारत यायचं, तसं. आणि टायच्या बाबतीत ती बेरीज अशी काही जुळली की बास. हा माणूस सायलॉनचा सगळ्यात मोठा वैरी, त्यांनी त्याचा डोळा काढला, त्याने त्यांच्यावर आत्मघाती हल्लेखोर पाठवले, आणि सायलॉनला खबर दिली म्हणून स्वतःच्या बायकोला स्वतःच्या हाताने विषाचा पेला दिला. आणि आता कळतं की तो स्वतःच तो! त्या खोलीत बाहेर हल्ल्याचा भोंगा वाजतोय, बाकीचे तिघं हादरलेत, आणि हा म्हातारा म्हणतो की माझं नाव सॉल टाय, मी फ्लीटचा अधिकारी, आज मेलो तर तोच माणूस म्हणून मरेन, आणि ड्यूटीवर निघून जातो. मी हे पहिल्यांदा मावसभावाच्या हार्ड डिस्कवरून रात्री अडीच वाजता बघितलं होतं आणि लाईट लावून पाणी प्यायलो होतो.

नशीबही साथ देतं कधी कधी. पहिल्या सीझनमधे बाल्टर सायलॉन ओळखायच्या त्याच्या यंत्रावर टायच्या बायकोची, एलेनची, टेस्ट करतो. सगळ्यांना सांगतो माणूस आहे. मग डोक्यातली सिक्स (फक्त त्यालाच दिसणारी सायलॉन बाई) त्याला विचारते की खरंच पास झाली का, तर तो म्हणतो ते मी कधीच सांगणार नाही. तेव्हा हा नुसता चावटपणा होता. चार वर्षांनी एलेन पाचवी सायलॉन निघाली आणि लोक म्हणाले वा, काय दूरदृष्टी! दूरदृष्टी कसली, एक दार उघडं राहिलं होतं त्यातून आत आले.

बिलंही आली अर्थात. टिरॉल सायलॉन निघाला तर त्याचं पोरगं निकी हेही माणूस आणि सायलॉन यांचं मिश्र बाळ झालं, आणि तसं एकमेव बाळ हेरा आहे यावर तर अर्धी मालिका उभी. मग काय, चौथ्या सीझनमधे डॉक्टर टिरॉलला गाठून सांगतो की बाबा रे, पोरगं तुझं नाहीचे, हॉट डॉग नावाच्या पायलटचं आहे. इतकं सपक! दुसरं बिल आकड्यांचं. माहीत असलेले सात सायलॉन म्हणजे नंबर १ ते ६ आणि मग शॅरन, जिला आधीच ८ म्हणून बसलेले. ७ कुठे गेला? शेवटच्या पाचांना तर नंबरच नाहीत. तेव्हा डॅनियल नावाचा एक नाजूक, कलावंत सातवा होता आणि कॅव्हिलने म्हणजे नंबर १ ने त्याची अख्खी जातच संपवली अशी गोष्ट रचली. फॅन लोकांनी त्यावर लगेच इमले बांधले की डॅनियल हाच पायलट स्टारबकचा पियानो वाजवणारा बाप, शेवटी मूरला सांगावं लागलं की नाही हो, तसं काही नाही. हे सगळं 'नो एग्झिट' नावाच्या भागात येतं, अँडर्सच्या मेंदूत गोळी अडकलीये आणि तो पडल्या पडल्या दोन हजार वर्षांचा इतिहास घडाघडा सांगत सुटतो. हिशेबनीस बसवून जुनी वही क्लिअर करून घ्यावी तसा तो भाग वाटतो मला. मजा नाही, पण निदान वही लपवली तरी नाही.

शेवटचा भाग मात्र मी माफ केलेला नाही, स्टारबक हवेत विरते हे काही उत्तर झालं का. पण त्यावर बोलायला लागलो तर बाकीच्यांचे प्रश्न राहतील.

माझा मुलगा ही मालिका बघत असताना मी स्वयंपाकघरात होते. टायटलच्या गाण्यात मला चक्क गायत्री मंत्र ऐकू आला. मुलगा म्हणतो आई, तुला भास होतात. खरं काय?
– एक वाचक, पुणे

काकू, तुमचे कान एकदम ठणठणीत आहेत, मुलाचे तपासून घ्या. गायत्री मंत्रच आहे तो. रिचर्ड गिब्ज या संगीतकाराचं काम, 'ॐ भूर्भुवः स्वः'पासूनच. उच्चार आपल्या कानाला जरा लांबून आल्यासारखे वाटतात म्हणून पटकन कळत नाही. कथेशी थेट संबंध म्हणाल तर तसा काही नाही, त्या मालिकेतली माणसं ग्रीक वळणाच्या अनेक देवांना मानतात आणि यंत्रं मात्र एकाच देवाला. हा उलटा प्रकार मला फार आवडतो, यंत्रं माणसांपेक्षा जास्त भाविक.

अजून एक सांगतो, मुलाला गप्प करायला उपयोगी पडेल. त्या माणसांच्या बारा वसाहती आहेत ना, त्या म्हणजे बारा राशी. कॅप्रिका मकर, टॉरॉन वृषभ, लिओनिस सिंह, लिब्रन तूळ, स्कॉर्पिया वृश्चिक, अशा सगळ्या. १९७८ साली ग्लेन लार्सनने ही मालिका पहिल्यांदा काढली तेव्हापासूनच हा राशींचा घाट आहे. त्या जुन्या मालिकेत सायलॉन म्हणजे चकचकीत पत्र्याचे पुतळे होते आणि ते माणसाने बनवलेलेही नव्हते, सरड्यासारख्या परग्रहवासीयांनी बनवलेले. 'आपणच बनवले आणि आपल्यावरच उलटले' हे मूर आणि आयकच्या मालिकेत, म्हणजे २००३ च्या मिनीसिरीजपासून आलं.

लहानपणी स्मॉल वंडर बघायचो हिंदीतून, त्यातली विकी रोबो असूनही दर वर्षी उंच होत होती असं मला तेव्हाही वाटायचं. रोबोचं वय कसं काय वाढतं? की आम्ही विचारायचंच नाही?
– एक वाचक, डोंबिवली

ताई, विचारायचंच, हा तर लाखमोलाचा प्रश्न आहे. लांब पल्ल्याची अँड्रॉइड मालिका काढणाऱ्याचा पहिला शत्रू म्हणजे नटाचं वय. पात्र म्हातारं होत नाही, नट होतो. विकी झालेली टिफनी ब्रिसेट १९८५ मधे मालिका सुरू झाली तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती, १९८९ ला संपेपर्यंत टीनेजर झालेली, कपाटात उभी राहणार कशी! मग तिच्या इंजिनियर बापाने तिला अपग्रेड केलं असं दाखवून वेळ मारून नेली. विनोदी मालिका, चालून जातं.

स्टार ट्रेकवाल्यांची जास्त पंचाईत झाली. डेटा हा सोनेरी चेहऱ्याचा अँड्रॉइड ब्रेंट स्पायनरने १९८७ पासून केला, सात सीझन आणि वर चार सिनेमे. सातव्या सीझनच्या एका भागात हळूच सांगून टाकलं की डेटाच्या निर्मात्याने त्याच्यात वय दिसण्याचा प्रोग्रॅम घातलेला आहे, माणसांत मिसळायला सोपं जावं म्हणून. बघा, किती स्वस्तात काम झालं, एक वाक्य. तरी २००२ च्या सिनेमात डेटाला मारला, आणि न बदलणारा अँड्रॉइड करायला आपलं वय झालं ही भावना त्यामागे होती असं स्पायनरने स्वतः सांगितलंय. मग २०२० मधे पिकार्ड मालिकेत डेटा स्वप्नात आला तेव्हा चेहऱ्यावर कॉम्प्युटरची इस्त्री फिरवली होती आणि ती इस्त्री दिसत होती हो. २०२३ ला तिसऱ्या सीझनमधे शहाणपण सुचलं, डेटाला नवीन शरीर दिलं आणि ते मुद्दामच वयस्कर बनवलेलं आहे असं सांगितलं. पांढरे केस, सुरकुत्या, सगळं. इतकी वर्षं जे लपवत होते तेच गोष्टीत घेतलं. मला तो म्हातारा डेटा सगळ्यात आवडला.

सायलॉनवाल्यांनी काय केलं विचाराल तर काहीच नाही. सिक्स तशीच तरुण आणि टायचे केस गेलेले, दोघंही सायलॉन. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

डेटाच्या इमोशन चिपची (त्याला भावना देणाऱ्या चिपची) गोष्ट १९९० ते १९९४ अशी चार वर्षं चालते. एवढं आधी ठरवलेलं असणार ना? आजकालच्या मालिकांना हे का जमत नाही?
– एक वाचक, कोल्हापूर

अजिबात ठरवलेलं नव्हतं भाऊ! डेटाची नेक्स्ट जनरेशन ही स्टार ट्रेक मालिका अमेरिकेत गावोगावच्या स्टेशनांना सुटी विकली जायची, कुठलं स्टेशन कधी कुठला भाग दाखवेल नेम नाही, म्हणून प्रत्येक भाग आपला आपण पूर्ण व्हायला हवा अशी सक्तीच होती. चिप आली १९९० च्या 'ब्रदर्स' मधे, ज्यात स्पायनर डेटा, त्याचा दुष्ट भाऊ लोर आणि त्यांना बनवणारा बाप डॉक्टर सूंग असे तिन्ही रोल करतो. चिप लोरने लाटली, तीन वर्षं कोणी नाव काढलं नाही, १९९३ ला लोर परत आला तेव्हा ती परत मिळाली, आणि १९९४ च्या सिनेमात एकदाची बसवली. तो सिनेमा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक कोण माहितीये? हाच रोनाल्ड मूर. म्हणजे ज्याने डेटाला हसायला रडायला लावलं त्यानेच पुढे सायलॉन सोडले आपल्यावर.

पण मला विचारशील तर डेटाच्या बाबतीत खरा चमत्कार त्या चिपमधे नाही, 'द मेझर ऑफ अ मॅन' या १९८९ च्या भागात आहे. मेलिंडा स्नॉडग्रासने लिहिलाय, ती आधी वकिली करायची आणि ते कळतं. एका शास्त्रज्ञाला डेटाला सुटा सुटा करून बघायचंय, डेटा नाही म्हणतो, मग कोर्ट बसतं की हा माणूस की स्टारफ्लीटची, म्हणजे त्यांच्या अंतराळ दलाची, मालमत्ता. आणि सरकारी वकील कोणाला करतात, तर डेटाचाच मित्र रायकर. तो रात्री स्क्रीनवर डेटाचा आराखडा बघत बसलाय आणि त्याला एक गोष्ट सापडते, पाठीमागचा बंद करायचा स्विच. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं, केस जिंकली म्हणून. आणि पुढच्याच क्षणी ते हसू विझतं, कारण काय करायला निघालोय ते त्याला कळतं. डायलॉग शून्य.

आता तो स्विच आला कुठून? वर्षभर आधीच्या 'डेटालोर' मधून, जिथे डेटा डॉक्टर क्रशरला विश्वासाने सांगतो की माझ्यात असा स्विच आहे, कोणाला सांगू नका. आणि कोर्टात डेटाच्या बॅगेतून एक छोटासा चमकता फोटो निघतो, टाशा यारचा, पहिल्या सीझनमधे मेलेली त्याची सहकारी. डेटा संकोचाने सांगतो की आमचे जवळचे संबंध होते. ते संबंध म्हणजे अगदी दुसऱ्या भागातला एक पांचट विनोद होता, सगळे दारू प्यायल्यासारखे झालेत आणि टाशा डेटाला खोलीत घेऊन जाते. बघताना आपण कपाळाला हात लावतो. पण तोच विनोद दीड वर्षाने कोर्टात पुरावा म्हणून येतो की या यंत्राला कोणाची तरी आठवण ठेवावीशी वाटली. जुन्या भंगारातून मंगळसूत्र घडवल्यासारखं आहे ते.

तेव्हा आजकालच्या मालिकांना का जमत नाही, तर माझं मत असं की आठ भागांच्या सीझनमधे भंगार साठायला जागाच नसते. प्रत्येक सीन कुठल्यातरी मोठ्या रहस्याच्या कामाला जुंपलेला. नेक्स्ट जनरेशनचे वर्षाला पंचवीस-सव्वीस भाग, त्यात डेटा व्हायोलिन वाजवतो, वाईट कविता करतो, मांजर पाळतो. मांजरावरून आठवलं, त्या स्पॉटचा वाण मधेच बदलतो आणि आधी बोका असलेला स्पॉट शेवटच्या सीझनमधे बाळंत होतो. प्लॅनिंगबद्दल विचारत होतास ना!

वेस्टवर्ल्डच्या पहिल्या सीझनमधे विल्यम आणि काळे कपडेवाला म्हातारा एकच, हे इंटरनेटवर लोकांनी आधीच ओळखलं होतं आणि मीही वाचलं. सगळी मजा गेली. लेखकांनी अशा वेळी ट्विस्ट बदलायला नको का?
– एक वाचक, बेंगळुरू

नको, कृपा करून नको! लोकांनी ओळखलं याचा अर्थ खुणा प्रामाणिक ठेवल्या होत्या. विल्यमच्या सीनमधे त्या रोबोंनी भरलेल्या पार्कचा लोगो जुन्या पद्धतीचा आहे आणि बाकी ठिकाणी नवीन, एवढीशी ती खूण. रोबो म्हातारे होत नाहीत म्हणून डोलोरेस ही रोबो मुलगी तीस वर्षांपूर्वीही तशीच आणि आजही तशीच, त्यामुळे दोन काळ एकमेकांना चिकटवले तरी सांधा दिसत नाही. मघाशी डोंबिवलीच्या ताईंनी जी अडचण सांगितली ना, तीच इथे हत्यार म्हणून वापरली. हुशारी म्हणायची. इथे प्लॅन पक्का होता, इतका की चालू शूटिंग थांबवून शेवटच्या भागांच्या स्क्रिप्ट आधी पूर्ण केल्या.

आणि ट्विस्ट माहीत असूनही पार्कमधे काम करणाऱ्या बर्नार्डचा सीन बघ परत. एका घरात एक दार आहे, सोबतची बाई विचारते या दाराच्या मागे काय, आणि तो विचारतो कुठलं दार? त्याला ते दिसतच नाहीये, कारण त्याला तसं बनवलंय. मला कोणीतरी आधीच सांगितलं होतं की तो रोबो आहे, तरी काटा आलाच.

दुसऱ्या सीझनच्या आधी मालिकेचे कर्ते जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी रेडिटवर जाहीर केलं की हजार लोकांनी मत दिलं तर अख्ख्या सीझनची गोष्ट व्हिडिओत सांगून टाकू. मतं पडली, व्हिडिओ आला, आणि निघालं ते जुनं रिकरोल (भलतंच काही सांगून रिक अ‍ॅस्टलीचं गाणं ऐकवायची इंटरनेटवरची खोडी), डोलोरेस झालेली नटी स्वतः गाणं म्हणतेय. तिथे मी मनापासून हसलो. पण नंतर त्या मालिकेला ओळखता येऊ नये याचीच चटक लागली असं मला वाटतं, दुसऱ्या सीझनमधे कोणता सीन कधीचा हे समजायला वही पेन घेऊन बसावं लागत होतं आणि मी तर मधेच वही फेकली. पाचवा सीझन करायचा त्यांचा इरादा होता, पण चौथ्यानंतर नोव्हेंबर २०२२ मधे मालिका बंद झाली आणि महिना-दीड महिन्यात कंपनीने ती स्वतःच्याच ॲपवरून काढूनही टाकली. पक्का प्लॅन असून गोष्ट अर्धी, आणि ज्यांच्याकडे प्लॅन नव्हता ते शेवटापर्यंत पोचले.

सर, मी एका ऑडिओ ॲपसाठी मराठीत पन्नास भागांची अँड्रॉइडची गोष्ट लिहितोय. सुनेच्या जागी रोबो आहे आणि घरात कोणालाच माहीत नाही. शेवट आधी ठरवू की लिहीत लिहीत सुचेल? वीस भाग झालेत, छातीत धडधडतंय.
– एक वाचक, लातूर

सर नको म्हणूस, मी पन्नास भागांचं काही लिहिलेलं नाहीये. सुनेच्या जागी रोबो हे हिंदीत २०१६ ला 'बहू हमारी रजनीकांत' मधे येऊन गेलंय, त्यात कॉमेडी होती, तेव्हा तुझं काहीतरी वेगळं असू दे.

शेवट पूर्ण ठरवूनच लिहायचं म्हणशील तर त्यातला उस्ताद म्हणजे बॅबिलॉन ५ चा जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की, अँड्रॉइडची गोष्ट नाही ती, पण पाच वर्षांची कथा आधी आखून ११० पैकी ९२ भाग त्याने स्वतः लिहिले. त्यानेही प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक चोरदार करून ठेवलं होतं, नट सोडून गेला तर त्याची गोष्ट दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता यावी म्हणून. आणि लागलं ते, हिरोच पहिल्या सीझननंतर गेला. तुझ्या ऑडिओत आवाज देणारी मुलगी नोकरी लागून पुण्याला गेली तर काय करशील, त्याचा विचार आत्ताच कर.

उलट सगळं उघडं ठेवायचं तर गॅलॅक्टिकातल्या हीलोसारखी माणसं हाताला लागतात. मिनीसिरीजमधे हीलो यानातली स्वतःची जागा बाल्टरला देतो आणि जळत्या ग्रहावर मागे राहतो, गोष्ट संपली, मेला असंच धरलेलं. पण तो नट सगळ्यांना इतका आवडला की परत आणला, त्याला शॅरनची दुसरी कॉपी भेटवली, त्यांचं लग्न, त्यांचं बाळ हेरा, आणि शेवटी संपूर्ण मालिका त्या बाळाच्या पाळण्याला येऊन टेकली. कोणी आखून काढलं नसतं असं.

मी तुझ्या जागी असतो तर आत्ता एकविसावा भाग लिहिला नसता. वीस भाग प्रिंट काढून, सून कधी जेवली, कधी आजारी पडली, कधी रडली, कोणाचा हात हातात घेतला, तेवढंच लाल पेनाने खुणावत बसलो असतो. रोबो आहे ना ती? मग गणपतीत उकडीचे मोदक खाल्ले ते गेले कुठे? सासू तिच्या कपाळाला हात लावून ताप बघते तेव्हा तिला काय लागतं हाताला? ज्याचं उत्तर देता येत नाही तिथेच तुझी पुढची गोष्ट दडलेली असेल बहुतेक. आणि घरात अजून कोणीतरी रोबो निघणार असेल (मोह होईलच, मला माहितीये), तर त्याच्याही वीस भागांना लाल पेन लावून बघ, मगच हात घाल. नाहीतर तुलाही एखादा हॉट डॉग शोधत बसावं लागेल.

बाबांना रिटायरमेंटनंतर काहीतरी दाखवायचंय. सायन्स फिक्शन म्हटलं की ते टीव्ही बंद करतात. एकच भाग दाखवायचा तर कुठला?
– एक वाचक, ठाणे

'३३' दाखवा. गॅलॅक्टिकाचा पहिला भाग, विज्ञानकथांसाठीचा ह्युगो पुरस्कार मिळालेला. आधी मिनीसिरीज येते पण ती तीन तासांची आहे, बाबा झोपतील, त्यांना तोंडी सांगून टाका की माणसांच्या बारा वसाहती उद्ध्वस्त झाल्या आणि उरलेले पन्नासेक हजार लोक जहाजांतून पळतायत. या भागात सायलॉन दर ३३ मिनिटांनी हल्ला करतात, पाच दिवस झाले, कोणी झोपलेलं नाही, डोळे लाल, दाढ्या वाढलेल्या, एकमेकांवर खेकसतायत. ३३च का म्हणून बाबा विचारतील, तर सांगा की खुद्द मूर म्हणतो त्या आकड्याला काही अर्थ नाही. एसटीत किंवा बँकेत मार्चएंडला रात्रपाळ्या केलेला माणूस यंत्रमानव वगैरे विसरून जातो हो यात, माझ्या काकांचा अनुभव आहे, त्यांना फक्त ती झोप दिसत होती.

आणि प्रेसिडेंट रॉझलिनच्या मागे एक पांढरा फळा आहे त्यावर बाबांचं लक्ष राहू द्या. त्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो, सगळा भाग तो कमीच होत जातो, पुसायचा आणि लहान आकडा लिहायचा. शेवटी कुठल्यातरी जहाजावर एक मूल जन्मल्याची बातमी येते, आणि ती बाई स्वतः उठून फळ्याकडे जाते, आकडा पुसते, आणि एकाने वाढवून लिहिते.